पाठ झालेला शब्द ऐनवेळी कुठे जातो?

परवा व्हॉट्सॲपवर एक इमेज फिरत आली, तुमच्याकडेही आली असेल. वर मोठ्ठ्या अक्षरात "३० दिवसांत १००० ॲडव्हान्स्ड इंग्लिश शब्द", खाली घसरगुंडीसारखा एक ग्राफ, आणि ग्राफवर लिहिलेलं की शिकलेल्यातलं दोन तृतीयांश माणूस २४ तासांत विसरतो, सबब आमचा कोर्स घ्या. कोर्सचं जाऊ दे, पण त्या ग्राफची अशी वाट लावलेली बघून मला राहवेना, कारण तो ज्याने काढला त्या माणसाचा मी जुना फॅन आहे.

हर्मान एबिंगहाउस, जर्मन मानसशास्त्रज्ञ, पुस्तक १८८५ चं. प्रयोगासाठी माणूस एकच, तो स्वतः. दोन व्यंजनांच्या मधे एक स्वर घालून त्याने साधारण २३०० निरर्थक अक्षरगट तयार केले (खरे शब्द घेतले असते तर आधीची ओळख मधे आली असती ना) आणि त्यांच्या याद्या घड्याळाच्या टिकटिकीवर एका लयीत पाठ करत बसला. वर्षानुवर्षं. आता त्याने मोजलं काय ते बघा, कारण घोळ तिथेच आहे. किती आठवतंय हे त्याने मोजलंच नाही. यादी पहिल्यांदा पाठ व्हायला किती वेळ लागला आणि काही काळाने तीच यादी पुन्हा पाठ करताना त्यातला किती वेळ वाचला, हे मोजलं. २० मिनिटांनी वाचलेला वेळ ५८ टक्के, तासाने ४४, एका दिवसाने ३४, आणि ३१ दिवसांनी २१. म्हणजे पहिल्यांदा १०० सेकंद लागले असतील तर दुसऱ्या दिवशी ६६ सेकंदांत काम झालं. त्यामुळे "६६ टक्के विसरला" हा त्याचा अर्थच नाही. उलट जे पार पुसलं गेलंय असं वाटतं त्याचाही माग डोक्यात शिल्लक असतो, आणि महिन्याभरानेही असतो, हे त्या ग्राफमधलं खरं आश्चर्य आहे. ते सोडून लोक घाबरवायला तो ग्राफ वापरतात.

आता माझी वही. तुम्हीही इंग्लिश सुधारायचं म्हणून कधीतरी अशी वही केली असेल तर ती उघडून बघा, 'ए' पासून सुरू होणारे शब्द एकदम कडक पाठ, 'बी' चे बरे, 'सी' वर शाईचा रंग बदललेला आणि पुढची पानं कोरी. माझी अगदी तशीच आहे. 'अबेट', 'अबेयन्स', 'ॲबरेशन', सगळे अर्थ डावीकडून उजवीकडे घडाघडा म्हणून दाखवीन. पण मेल लिहिताना "प्रकरण सध्या अबेयन्समधे आहे" असं लिहायची वेळ आली तेव्हा शब्द जिभेच्या टोकावर येऊन बसला आणि शेवटी मी 'पेंडिंग' लिहून मोकळा झालो. कुणी शब्द समोर धरला तर ओळखणं ही एक गोष्ट आणि काहीही समोर नसताना तो आतून बाहेर काढणं ही दुसरी. वही दहा वेळा वाचली की पहिली गोष्ट पक्की होते आणि आपल्याला वाटतं दुसरीपण झाली.

हे नुसतं माझं रडगाणं नाहीये, याच्यावर एक फार सुंदर प्रयोग झालाय. जेफ्री कार्पिकी आणि हेन्री रोडिगर या दोघांनी २००८ साली कॉलेजच्या विद्यार्थ्यांना स्वाहिली भाषेतले ४० शब्द दिले, 'मशुआ' म्हणजे होडी असे. आधी वाचायचे, मग परीक्षा, मग परत वाचन, परत परीक्षा. फरक कुठे केला, तर एखादा शब्द एकदा बरोबर आला की त्याच्यापुढे काय करायचं यात. काही गटांना तो शब्द पुढच्या परीक्षांमधेही विचारत राहिले, काहींना विचारणं बंद केलं पण वाचायला मात्र देत राहिले. पहिल्या दिवसाअखेर सगळे गट सारखेच, सगळ्यांना सगळं येतंय. आठवड्याने बोलावलं तर ज्यांना विचारत राहिले होते त्यांना साधारण ८० टक्के शब्द आठवले आणि ज्यांना विचारणं थांबवलं होतं ते पस्तिशीच्या आसपास अडकले, मग मधल्या काळात त्यांनी तो शब्द वाचला असो की नसो. जास्तीच्या वाचनाने जवळपास काहीच फरक पडला नाही! आणि कहर म्हणजे आधी विचारलं होतं की आठवड्याने तुम्हाला किती आठवतील, तर सगळ्या गटांचा अंदाज एकच, निम्मे. म्हणजे ज्याला ८० येणार त्यालाही माहीत नाही आणि ज्याला ३५ येणार त्यालाही नाही. आपल्याला आपल्या स्मरणशक्तीबद्दल जे 'वाटतं' त्याच्यावर विसंबू नये ते यासाठी.

पण असं का व्हावं? इथून पुढे जरा मेंदूत शिरावं लागेल, माझा सगळ्यात आवडता भाग हाच आहे, कंटाळा आला तर पुढचे दोन पॅरा सोडा, मी रागावणार नाही.

हेन्री मोलेसन नावाचा एक अमेरिकन माणूस होता, २००८ मधे वारला. त्याला फिट्स यायच्या म्हणून १९५३ साली त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस (मेंदूत आत खोलवर असलेला एक भाग) आणि आजूबाजूचा थोडा भाग काढून टाकला. फिट्स बऱ्याच कमी झाल्या, पण नवीन आठवणी तयार व्हायच्याच बंद झाल्या. मजा बघा, ऑपरेशनच्या आधी शिकलेले शब्द शाबूत होते, तो शब्दकोडी आवडीने सोडवायचा, पण १९५३ नंतर इंग्रजीत जे नवे शब्द आले ते बहुतेक त्याच्या डोक्यात शिरलेच नाहीत. म्हणजे मुरलेले शब्द राहतात ते मेंदूच्या बाहेरच्या सालीत, कॉर्टेक्समधे, आणि तेही एका जागी नाही, शब्दाचा आवाज एकीकडे, अर्थ दुसरीकडे, तो उच्चारताना जीभ कशी वळवायची ते तिसरीकडे. नव्या शब्दाचे हे तुकडे अजून एकमेकांना ओळखत नसतात. "हे सगळे एकाच वेळी जागे झाले होते" ही नोंद हिप्पोकॅम्पस ठेवतो. पुस्तकाच्या शेवटी सूची असते ना तसं समजा, सूचीत मजकूर नसतो, पान नंबर असतात.

आता हिप्पोकॅम्पसमधे 'सीए३' नावाचा एक पट्टा आहे, तिथल्या पेशी एकमेकींनाच भरपूर जोडलेल्या असतात, त्यामुळे जुन्या नक्षीचा थोडासा तुकडा मिळाला तरी बाकीची नक्षी त्या आपोआप भरून काढतात, असं मानलं जातं. नुसता अर्थ दिला आणि शब्द शोधायला लावला की हा भरून काढण्याचा खटाटोप सुरू होतो, कॉर्टेक्समधले लांबलांबचे तुकडे परत एकदम पेटतात आणि एकत्र पेटणाऱ्या पेशींमधली जोडणी घट्ट होते. वाचताना शब्द आणि अर्थ दोन्ही समोर आयतेच असतात, मग भरून काढायचं काय? डोंबल. सीए३ च्या अलीकडे 'डेंटेट गायरस' म्हणून एक भाग आहे, त्याचं काम बरोबर उलटं, दोन सारख्या दिसणाऱ्या गोष्टींच्या नक्षी मुद्दाम वेगळ्या पाडायच्या. एकाच दिवशी एकाच धाटणीचे पाच शब्द कोंबले की या वेगळं पाडण्यावर ताण येणार, हे उघड आहे. 'मिटिगेट' म्हणजे तीव्रता कमी करणे आणि 'मिलिटेट' म्हणजे विरोधात जाणे, पण जन्मापासून इंग्रजी बोलणारे लोकसुद्धा 'मिलिटेट अगेन्स्ट' च्या जागी 'मिटिगेट अगेन्स्ट' लिहून बसतात. अकारविल्हे यादी पाठ करणं म्हणून वाईट, आणि एकाच अर्थाचे सहा शब्द एका दिवसात हेपण वाईट.

पॅरे सोडलेल्यांनी इथून परत या. विसरायला यायच्या जरा आधी शब्द बाहेर काढला तर फायदा सगळ्यात जास्त. मग तो कधी काढायचा याचं गणित मांडणारे लोक निघालेच. पोलंडचा पिओत्र वोझ्नियाक विद्यार्थी असताना आपली इंग्रजी शब्दांची कार्डं कधी बघावी याच्या मागे लागला आणि १९८७ साली त्याने त्यासाठी प्रोग्रॅमच लिहिला. पहिली उजळणी १ दिवसाने, दुसरी ६ दिवसांनी, पुढे प्रत्येक वेळी आधीचं अंतर गुणिले एक आकडा, जो सुरुवातीला २.५ असतो. म्हणजे १, ६, १५, ३८, ९५ अशी उडी. शब्द जड गेला तर तो आकडा कमी होतो पण १.३ च्या खाली जात नाही, आणि चुकलात तर पुन्हा १ दिवसापासून सुरुवात. आज फोनवर जी फ्लॅशकार्डची ॲप्स आहेत त्यातल्या कितीतरींच्या पोटात याच कल्पनेची मुलं-नातवंडं आहेत. आणि अंतर वाढवण्याचा फायदा किती, तर हॅरी बाहरिक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने स्वतः, बायको आणि दोन मुली अशा चौघांवर मिळून परकीय भाषेच्या ३०० शब्दांचा नऊ वर्षं चाललेला प्रयोग केला (घरचे लोक कसे तयार झाले हा वेगळा संशोधनाचा विषय), त्यात ५६ दिवसांच्या अंतराने १३ वेळा केलेली उजळणी ही १४ दिवसांच्या अंतराने २६ वेळा केलेल्या उजळणीच्या तोडीची निघाली. निम्मी मेहनत, तेच फळ.

जाता जाता, "झोपेत ऐका आणि शब्द शिका" वाले ऑडिओ. १९५६ सालीच मेंदूच्या लहरी मोजून दाखवलंय की माणूस खरोखर झोपलेला असेल तर ऐकवलेलं त्याला उठल्यावर आठवत नाही. झोपेची गरज असते ती शिकून झाल्यावर. १९९४ मधे उंदरांमधे दिसलं की जागेपणी एकत्र पेटलेल्या हिप्पोकॅम्पसच्या पेशी झोपेतही एकत्र पेटतात, जणू दिवसाची उजळणीच. तेव्हा हेडफोन काढून ठेवा आणि गप झोपा. "मी व्हिज्युअल लर्नर आहे" हे प्रकरणही तसंच, २००८ साली चार मानसशास्त्रज्ञांनी सगळे पुरावे चाळले आणि तशा पद्धतीने शिकवल्याने फायदा होतो असं दाखवणारं भरवशाचं काही त्यांना सापडलं नाही.

आता वाक्य. शब्द बाहेर काढता आला म्हणजे वापरता आला असं नाही, इथे खरी गंमत आहे. जॉर्ज मिलर आणि पॅट्रिशिया गिल्डिया यांनी १९८७ मधे एक लेख लिहिला होता, त्यात शाळकरी मुलांना डिक्शनरीतला अर्थ बघून वाक्य करायला लावल्यावर काय झालं ते दिलंय. 'इरोड' (झिजवणं) चा एक अर्थ होता 'ईट आउट', म्हणजे पोखरून खाणं, पण बाहेर जेवायला जाण्यालाही तेच म्हणतात, तर वाक्य आलं की आमचं कुटुंब खूप इरोड करतं. 'मेटिक्युलस' म्हणजे फार काळजी घेणारा, म्हणून "कड्यावरून पडण्याबाबत मी मेटिक्युलस होतो". आणि 'स्टिम्युलेट' (चेतवणं) च्या पुढे 'स्टर अप', म्हणजे ढवळून काढणं, दिसलं म्हणून मिसेस मॉरोंनी चक्क सूप स्टिम्युलेट केलं. मुलं चुकली नाहीत हो, त्यांनी डिक्शनरी तंतोतंत पाळली.

शब्दाचा अर्थ त्याच्या व्याख्येइतकाच त्याच्या शेजाऱ्यांमधे असतो. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला तर वाण नाही पण गुण लागतो, तेच. मराठीत बघा, घोर अपमान होतो, घोर निराशा होते, पण घोर आनंद कधी होतो का? हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही, हजार वेळा कानावर पडून कळलंय. तसं 'मिटिगेट' च्या शेजारी रिस्क बसते, डॅमेज बसतं, इम्पॅक्ट बसतो. भूक बसत नाही, जेवून आपण हंगर मिटिगेट केली असं म्हणालात तर समोरचा हसेल. म्हणून मी आता कार्डावर अर्थ लिहितच नाही. आधी तो शब्द खऱ्या मजकुरात कुणाकुणाबरोबर आलाय अशी तीन-चार वाक्यं शोधतो, मग स्वतःच्या आयुष्यातलं एक खरं वाक्य करतो आणि शब्दाच्या जागी रेघ मारतो. उजळणीच्या दिवशी रेघ भरायची, आणि त्याच शब्दाचं आणखी एक नवं वाक्य करायचं. जुनंच वाक्य घोकलं तर ते श्लोकासारखं पाठ होतं आणि शब्द त्या वाक्याच्या बाहेर पाऊलच टाकत नाही.

सुरुवातीला रेघ भरता येत नसेल तर आवाजाचा टेकू घ्यायला हरकत नाही. 'गॅरुलस' म्हणजे नको त्या गोष्टींवर अखंड बडबडणारा, मी गारुडी आठवतो, खेळ राहतो बाजूला आणि तोंडाचा पट्टा चालूच. 'लोक्वेशस' म्हणजेही बडबड्याच, त्याला 'लोक' धरला, चार लोक दिसले की सुरू. ही युक्ती १९७५ मधे ॲटकिन्सन आणि रॉ यांनी रशियन शब्दांवर तपासून दाखवली होती, चालते. फक्त मी एक शहाणपणा केला, हे दोन्ही बडबडे एकाच संध्याकाळी शिकलो. 'गॅरुलस' सध्या ३८ दिवसांवर गेलाय. 'लोक्वेशस' तिसऱ्यांदा १ दिवसावर परत आलाय, कारण त्याच्या रेघेवर मी दर वेळी ठामपणे गारुडीच नेऊन बसवतो.