ब्युरेट वाचन

ब्युरेट वाचन म्हणजे उभ्या काचेच्या नळीतल्या द्रावणाची पातळी खुणेवर बघून आकडा लिहिणं. अकरावी-बारावीच्या केमिस्ट्री प्रॅक्टिकलला मोजणं आणि बघणं या दोन गोष्टींची खरी सवय इथंच लागते. नेहमीची ब्युरेट 50 मिलिलिटरची, सगळ्यात लहान भाग 0.1 चा, आणि शून्य वरती. मेजरिंग सिलिंडरची सवय झालेला पोरगा 13 पासून वर तीन भाग मोजतो आणि 12.7 च्या जागी 13.3 लिहून मोकळा होतो.

ब्युरेट कुणी काढली यावर एकमत नाही. बऱ्याच ठिकाणी 1790 च्या दशकातल्या देक्रुआझील या फ्रेंच रसायनज्ञाचं नाव असतं, तो रुआनमध्ये कापड ब्लीच करायच्या क्लोरीनच्या पाण्यात किती जोर आहे ते निळीच्या द्रावणावर तपासायचा आणि त्यासाठी खुणा केलेली नळी वापरायचा. पण ती आजच्या ब्युरेटपेक्षा मेजरिंग सिलिंडरच्या जास्त जवळची, त्यामुळं तिला ब्युरेट म्हणावं का हाच प्रश्न आहे. ब्युरेट आणि पिपेट ही नावं गे-ल्युसॅक या फ्रेंच रसायनज्ञानं साधारण 1824 च्या सुमारास रुळवली असं मानतात, मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ छोटी सुरई. खाली तोटी बसवायचं श्रेय काहीजण 1840 च्या दशकातल्या ऑसियाँ आंरीला देतात. तरी हातात धरायच्या ऐवजी स्टँडला लावलेली, खाली रबरी नळी आणि चिमटा असलेली ब्युरेट घरोघरी, म्हणजे लॅबोलॅब, पोचवली ती जर्मनीच्या मोर या रसायनज्ञानं. टायट्रेशनवरचं, म्हणजे ब्युरेटमधून थेंबथेंब द्रावण सोडून दुसऱ्या द्रावणाची ताकद मोजायच्या पद्धतीवरचं, त्याचं पुस्तक 1855 चं, त्यामुळं आजच्या रूपापुरतं त्याचंच पारडं जड वाटतं. गंमत म्हणजे पोटॅशियम परमँगनेट रबर खातं, म्हणून मोर्स सॉल्टचं (त्याच्याच नावाचा लोहाचा क्षार) परमँगनेटबरोबर टायट्रेशन करताना मोरची रबरी ब्युरेट चालत नाही, काचेच्या तोटीचीच घ्यावी लागते.

पातळीच्या वळणाला मेनिस्कस म्हणतात, ग्रीकमध्ये चंद्रकोर. पाण्यासारख्या द्रावणाची खालची कड वाचायची, परमँगनेट गडद जांभळं असल्यानं खालची कड दिसतच नाही, तिथं वरची. डोळा कडेच्या रेषेत हवा, वरून बघितलं की आकडा कमी येतो आणि खालून बघितलं की जास्त. पाठीमागं पांढरा कागद धरला की कड स्वच्छ दिसते. काचेवर 20 किंवा 27 अंश छापलेलं असतं ते कुणी वाचत नाही, पण 20 अंशांचं 50 मिलिलिटर पाणी 27 ला साधारण 0.08 मिलिलिटरनं फुगतं, म्हणजे जवळजवळ एक भाग. आधी अंदाजाचं पायलट रीडिंग, मग तीन रीडिंग आणि त्यातून सी.बी.आर., म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, हे प्रॅक्टिकल केलेल्या सगळ्यांना माहीत आहेच.

बघण्याचं कौशल्य मात्र ब्युरेटपुरतं नाही. कोल्हापूरच्या आसपास गुऱ्हाळावर गुळव्या काहिलीतला पाक थंड पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून बघतो, ती नीट वळली की काहील उतरवायची. त्यावेळी थर्मामीटर लावला तर 115 ते 118 अंशांच्या आसपास दाखवतो. चुन्याची निवळी किती घालायची तेही तो रसाच्या रंगावरून आणि वर आलेल्या मळीवरून ठरवतो, तिथं रंग बदलून इशारा देणारा इंडिकेटर नसतो. उसाचा रस मुळात आंबटसर, पीएच साधारण 5 ते 5.5, चुन्यानं तो वर येतो.

थर्मामीटरवरून आठवलं, पाण्याचा उत्कलनबिंदू. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच, त्यामुळं इथं पाणी 98 अंशांच्या जवळपासच उकळतं. आमच्या बॅचला पारा 98 वर थांबलेला बघून सगळ्यांनी जर्नलमध्ये 100 लिहिलं होतं, आणि ज्या एका पोरीनं 98 लिहिलं तिच्या आकड्यावर लाल शाईनं गोल झाला.