मायाळू म्हणजे हळवा की कनवाळू?

‘स्वभाव इतका मायाळू आहे, नर्सिंगलाच जा.’ असा सल्ला सर्रास दिला जातो. देणाऱ्याने एक प्रश्न मात्र विचारलेला नसतो: हा मायाळूपणा हळवेपणातून येतो की कनवाळूपणातून? बोलताना आपण हे शब्द एकमेकांच्या जागी वापरतो. मानसशास्त्रात या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजतात, आणि माणसांत राहून करायची नोकरी झेपणार की नाही, याचा बराचसा उलगडा तिथेच होतो.

मार्क डेव्हिस या मानसशास्त्रज्ञांनी १९८०च्या सुमारास २८ विधानांची एक प्रश्नावली तयार केली. तिच्यात सात-सात विधानांचे चार गट आहेत: दुसऱ्याच्या बाजूने विचार करणं, कथेतल्या पात्रांत गुंतून जाणं, दुसऱ्याबद्दल कणव वाटणं आणि दुसऱ्याचा त्रास पाहून स्वतःच कासावीस होणं. शेवटचे दोन गट बाहेरून सारखेच दिसतात. दोन्हीत डोळ्यांत पाणी येतं. पण कणव वाटणाऱ्याचं, म्हणजे कनवाळू माणसाचं, लक्ष समोरच्याकडे असतं, तर कासावीस होणाऱ्या हळव्या माणसाचं स्वतःच्या छातीतल्या धडधडीकडे.

याचा परिणाम वागण्यावर कसा होतो, ते डॅनियल बॅटसन यांच्या १९८१च्या प्रयोगात फार सुंदर दिसतं. एलेन नावाच्या तरुणीला विजेचे झटके बसताना सहभागी विद्यार्थिनी पडद्यावर पाहत होत्या. (झटके खोटे होते, एलेन अभिनय करत होती.) लहानपणी घोड्यावरून विजेच्या कुंपणावर पडल्यामुळे आपल्याला झटक्यांची जास्तच भीती वाटते, असं ती मध्येच सांगते. मग प्रश्न येतो: तिच्या जागी तुम्ही बसाल का? निम्म्या जणींना सुटका सोपी होती, कारण दहापैकी दोनच फेऱ्या पाहून त्यांना निघून जाता येणार होतं. उरलेल्यांना शेवटपर्यंत पाहत बसणं भाग होतं. एलेनची मतं आपल्यासारखीच आहेत, असं काहींना आधी सांगून तिच्याबद्दलची कणव वाढवली होती. बाकीच्यांना ती वेगळ्या मतांची असल्याचं सांगितलं होतं. सुटका सोपी असताना पहिल्या गटातल्या ९१ टक्के मुली तिच्या जागी बसायला तयार झाल्या, दुसऱ्या गटातल्या फक्त १८ टक्के. पळायची वाट बंद केल्यावर दुसऱ्या गटाचा आकडा ६४वर गेला. म्हणजे त्यांची मदत मुख्यतः स्वतःची अस्वस्थता थांबवण्यासाठी होती. प्रयोग छोटा, एकूण ४४ जणींचा. पण त्याची मांडणी मोठी चतुर आहे.

मेंदूतही हा फरक दिसतो. तानिया सिंगर यांच्या गटाने २००४मध्ये दाखवलं, की जोडीदाराला वेदना होते आहे हे कळल्यावर आपल्या मेंदूतला इन्सुलाचा पुढचा भाग आणि अँटिरिअर सिंग्युलेट कॉर्टेक्स स्वतःला वेदना होताना होतात तसेच सक्रिय होतात. वेदना शरीरात नेमकी कुठे आहे हे टिपणारा सोमॅटोसेन्सरी कॉर्टेक्स मात्र फक्त स्वतःच्या वेदनेला प्रतिसाद देतो. पुढे ओल्गा क्लिमेकी आणि सिंगर यांनी लोकांना आधी इतरांचं दुःख अनुभवायचं आणि मग करुणेचं प्रशिक्षण दिलं. पहिल्याने दुःखाचे व्हिडिओ पाहताना मन आणखी खचलं. दुसऱ्याने ते सावरलं, आणि व्हेंट्रल स्ट्रायटम व मीडियल ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्स हे आपुलकीशी नि समाधानाशी जोडलेले भाग सक्रिय झाले. तेव्हा हळवेपणाला जन्माची खूण समजू नये. त्यावर काम करता येतं.

कामाच्या जागी हे कसं दिसतं? अर्धांगवायूनंतर ऑक्युपेशनल थेरपिस्ट रुग्णाला शर्ट घालायला शिकवतात. घालताना अधू हात आधी बाहीत जातो, काढताना चांगला हात आधी बाहेर येतो. एका हाताने बटण लावायला रुग्णाला पाच मिनिटं लागतात, तीनदा निसटतं, कपाळावर घाम येतो. हळवा माणूस दुसऱ्याच मिनिटाला पुढे होऊन बटण लावून देतो. त्याला हायसं वाटतं, पण रुग्णाचा सराव बुडतो. कनवाळू थेरपिस्ट हात मागे घेऊन थांबतो आणि बटण निसटलं कशामुळे ते बघतो: काज घट्ट आहे, की अंगठ्याची पकड चुकते आहे?

बोटांच्या ठशांवरून करिअर सांगणाऱ्या चाचण्यांत यातलं काहीच कळत नाही. बोटांवरच्या रेषा गर्भाच्या साधारण दहाव्या ते सतराव्या आठवड्यात ठरतात. वॉर्डातली रात्रपाळी निभेल का, हे त्यांत लिहिलेलं नसतं. माणसांना चार अक्षरांच्या सोळा साच्यांत बसवणाऱ्या चाचण्याही करमणुकीपुरत्याच घ्याव्यात. काही आठवड्यांनी पुन्हा दिली, तर साचा बदललेला निघणं नेहमीचंच.

त्यापेक्षा ज्या कामाचा विचार आहे, तिथे परवानगी काढून तीन-चार पूर्ण पाळ्या बसा. पाहुण्यासारखं तासभर डोकावू नका. पाळीच्या शेवटच्या दोन तासांत खरं काम कळतं, कारण तेव्हा नोंदी लिहायच्या असतात आणि नातेवाईक चिडलेले असतात. रोज रात्री दोन ओळी लिहा: डोक्यात कोण घोळत होतं, ती व्यक्ती की मी? आणि उद्या जायची इच्छा आहे का? बरोबर हेही टिपा, की एकाच माणसाशी संबंध किती काळ राहतो (रुग्णवाहिकेत मिनिटं, वाचा-उपचारात महिने, शाळेत वर्ष), केलेल्याचा परिणाम डोळ्यांना दिसतो का, आणि कामाचा वेग कोण ठरवतं. कामाच्या ताणाचा अभ्यास करणारे रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९मध्ये मांडलेली गोष्ट आजही लागू पडते: मागणी जास्त आणि हातात नियंत्रण कमी, असं काम सर्वांत जास्त ताण देतं. चांगल्या स्वभावाची माणसं तिथेही करपतात.

नोंदींत ‘मी’च जास्त निघाला, तरी माणसांसाठीच्या कामाचं दार बंद होत नाही. कृत्रिम पाय बनवणाऱ्याचा बराच वेळ प्लास्टर आणि साच्यांबरोबर जातो. माणूस येतो तो मापाला आणि चालून बघायला. पण तिथेही बारकाईने ऐकावं लागतं. दिवसभरात पायाचा उरलेला भाग थोडा आकसतो आणि सकाळी घट्ट बसलेला सॉकेट (कृत्रिम पायाची, तो भाग आत बसतो ती खोबण) संध्याकाळी सैल होतो. त्यासाठी आत मोज्याचा एक थर वाढवायचा असतो. तो कधी वाढवायचा, हे ‘दुपारनंतर टोचतं’ एवढ्या वाक्यावरून ओळखावं लागतं.