विकत घेतलेला गेम वेगवेगळ्या कॉम्प्युटरवर खेळणं

स्टीम, जीओजी, एपिक अशा ऑनलाईन दुकानातून एकदा पैसे देऊन घेतलेला गेम दुसऱ्या लॅपटॉपवर, दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर परत पैसे न देता खेळता येणं, असा हा विषय. पैसे भरले की दुकान आपल्या अकाउंटवर एक परवाना चढवतं आणि तो गेम कोणत्या मशीनवर उतरवला याचा त्या परवान्याशी काही संबंध राहत नाही. विदर्भातल्या खेड्यात ही गोष्ट फार कामाची आहे, कारण इथे घरातलं मशीन टिकून राहत नाही, मोठा भाऊ नागपूर नाहीतर अमरावतीला शिकायला गेला की त्याचा जुना लॅपटॉप धाकट्याकडे येतो, मग तो बिघडला की तालुक्याच्या दुकानातून सेकंडहँड येतो, त्यात विंडोज असेलच असं नाही, आणि अशा सगळ्या बदलात गेम मात्र अकाउंटसोबत चालत येतात.

स्टीम 2003 मध्ये सुरू झालं तेव्हा ते फक्त विंडोजवर होतं. 2010 मध्ये ते मॅकवर आलं आणि तेव्हाच एकदा घेतलेला गेम दोन्हीकडे चालेल अशी सोय झाली, अर्थात कंपनीनं त्या गेमची मॅकची आवृत्ती काढली असेल तरच. 2013 मध्ये ते लिनक्स या फुकट मिळणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर आलं, पण लिनक्ससाठी बनवलेले गेम तेव्हा मोजकेच होते. खरा फरक पडला तो ऑगस्ट 2018 मध्ये स्टीमचं प्रोटॉन आल्यावर, म्हणजे विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारी सोय आल्यावर. वाईन नावाचं सॉफ्टवेअर 1993 पासून बनत होतं, विंडोजचा प्रोग्रॅम लिनक्सवर चालवायचं काम ते करतं, त्यावरच प्रोटॉन उभं आहे, आणि सोबत डीएक्सव्हीके नावाचा भाग आहे जो गेमचं डायरेक्टएक्समधलं (विंडोजची ग्राफिक्सची भाषा) बोलणं वल्कनमध्ये (लिनक्सवर चालणारी तशीच भाषा) करून ग्राफिक्सला सांगतो, लग्नाच्या बैठकीत दोन्हीकडच्या लोकांमधला मध्यस्थ जसं करतो तसं. हे सगळं आपोआप होतं, पोट्ट्याला फक्त इन्स्टॉल दाबायचं असतं, आणि एखादा गेम अडलाच तर त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये कम्पॅटिबिलिटीत जाऊन प्रोटॉनची वेगळी आवृत्ती लावून बघायची. 2022 मध्ये आलेलं स्टीम डेक हे हातात धरून खेळायचं मशीन पण याच प्रोटॉनवर चालतं.

आता इथे एक गोष्ट नीट सांगायला पाहिजे कारण याच्यात पोरांचा फार वेळ जातो. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला, विंडोज 11 ला साधारण आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा इंटेल प्रोसेसर लागतो, त्यामुळे जुन्या लॅपटॉपवाल्याला जो तो सांगतो की लिनक्स टाक. सल्ला चांगला आहे, पण खेड्यात सेकंडहँड येणाऱ्या लॅपटॉपमध्ये चौथ्या पिढीचे आय3, आय5 खूप असतात आणि त्यांच्या आतल्या ग्राफिक्सला वल्कन पूर्ण येत नाही, डीएक्सव्हीकेच्या 2022 नंतरच्या आवृत्त्यांना तर वल्कन 1.3 च लागतं. मग गेम उघडतो न उघडतो तोच बंद पडतो आणि पोरगं विचारतं, "पैसे देऊन घेतला ना, मग याच्यात काऊन चालत नाही?" गेमच्या लाँच ऑप्शनमध्ये वाईनडी3डी चालू करायची सोय आहे, त्यात वल्कन ऐवजी ओपनजीएल ही जुनी ग्राफिक्सची भाषा वापरली जाते, वेग कमी मिळतो पण जुने गेम चालून जातात. म्हणून लॅपटॉप घेतानाच प्रोसेसरची पिढी विचारावी, रॅम किती त्याच्या आधी.

दुसरी अडचण नेटची. मोठे गेम आता 100 जीबीच्या वर जातात, दिवसाला दीड जीबीच्या पॅकवर तेवढं उतरवायला दोन महिन्यांहून जास्त लागतील, त्यामुळे होस्टेलच्या वायफायवर उतरवून दिवाळीच्या सुट्टीत गावी आणायचा हाच व्यवहारी मार्ग. आणलेलं फोल्डर दुसऱ्या मशीनच्या स्टीम लायब्ररीत कॉमन नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायचं आणि मग इन्स्टॉल दाबायचं, स्टीम आधीच्या फाईली तपासतं आणि जे कमी असेल तेवढंच ओढतं. फेब्रुवारी 2023 पासून तर लोकल नेटवर्क ट्रान्सफर पण आहे, दोन्ही मशीन एकाच हॉटस्पॉटवर जोडली आणि दोन्हीकडे स्टीम उघडं असलं की गेम एकातून दुसऱ्यात जातो, त्याच्यात मोबाईलचा डेटा जवळपास खर्च होत नाही कारण फाईली दोन मशीनमध्येच फिरतात. फक्त विंडोज आणि लिनक्स एकाच लॅपटॉपवर असतील तर एकच एनटीएफएस पार्टिशन (डिस्कचा विंडोजच्या पद्धतीनं बनवलेला भाग) दोघांसाठी वापरू नये, प्रोटॉनला लागणारी फाईलींची काही नावं विंडोज मान्य करत नाही आणि पुढे गडबड होते, लिनक्सची लायब्ररी लिनक्सच्याच पार्टिशनवर बरी.

लाईन जाणं हा तर रोजचा विषय. ऑफलाईन मोड आहे, पण नेट असताना एकदा लॉगिन करून गेम एकदा उघडून बघितला पाहिजे तरच पुढे बिननेटचा चालतो. खेळाची प्रगती म्हणजे सेव्ह क्लाउडवर जातं, पण गेम बनवणाऱ्यानं ती सोय दिली असेल तरच, आणि खेळता खेळता लाईन गेली, बॅटरी मेलेली असली, तर सेव्ह वर चढतच नाही. दुसऱ्या मशीनवर गेल्यावर मग स्टीम विचारतं की इथलं ठेवू की क्लाउडवरचं, तिथे घाई न करता तारीख बघून निवडावं, नाहीतर किती दिवसांचं खेळलेलं पुसलं जातं.

काही गेम मात्र कितीही करा, लिनक्सवर चालतच नाहीत. ऑनलाईन स्पर्धेच्या गेममध्ये खेळातली लबाडी पकडणारं अँटीचीट नावाचं सॉफ्टवेअर असतं. ईझी अँटीचीट आणि बॅटलआय या दोघांनी 2021 मध्ये प्रोटॉनला सपोर्ट दिला, पण तो चालू करायचा की नाही हे गेमच्या कंपनीच्या हातात आहे. व्हॅलोरंट, फोर्टनाइट लिनक्सवर चालत नाहीत. मॅकचं थोडक्यात, 2019 मध्ये आलेल्या कॅटालिना या मॅकच्या आवृत्तीपासून 32 बिटचे जुने मॅक गेम बंद झाले. स्टीमनं पण 1 जानेवारी 2024 पासून विंडोज 7 आणि 8 सोडलं, म्हणजे त्या मशीनवर परवाना जिवंत असला तरी दुकान उघडायची खात्री नाही.

मोबाईल वेगळाच. गावात पोट्ट्यांचा पहिला गेम मोबाईलवरच असतो, पण प्ले स्टोअरवर घेतलेलं माईनक्राफ्ट कॉम्प्युटरवर येत नाही, तिथे वेगळं घ्यावं लागतं. माईनक्राफ्टची कॉम्प्युटरवरची जावा आवृत्ती घेतली तर ती विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालते.

एका स्टीम अकाउंटवर एकावेळी एकच जण ऑनलाईन खेळू शकतो. भावंडांसाठी 2024 पासून स्टीम फॅमिलीज आहे, एका घरातले सहा जण आपापल्या अकाउंटवरून एकमेकांचे गेम खेळतात, फक्त एकच प्रत असेल तर तो गेम दोघांना सोबत मिळत नाही. स्वस्तात मिळणारी दुसऱ्याची अकाउंट घेऊ नये, ते नियमाबाहेर आहे आणि विकणारा ते कधीही परत ओढून घेतो. आपल्या अकाउंटला घरातला असा नंबर जोडावा जो रिचार्ज संपून बंद पडणार नाही, कारण नंबर गेला की पासवर्ड बदलताना फार त्रास होतो.

दुकानाचा भरवसा नको असेल त्याच्यासाठी 2008 मध्ये सुरू झालेलं जीओजी जास्त बरं, तिथे गेमची इन्स्टॉलर फाईल उतरवून घेता येते आणि ती लावताना लॉगिन लागत नाही. ती हार्डडिस्कवर ठेवली की नेट नसलेल्या गावात, जुन्या विंडोज 7 वर पण, त्या मशीनला झेपेल असा गेम असला तर लागतो, आणि लिनक्सवर हेरोइक नावाच्या फुकट लाँचरमधून जीओजी आणि एपिक दोन्हीकडचे गेम प्रोटॉनसारख्याच पद्धतीनं चालवता येतात.