‘धोका’ म्हणजे नेमका कुठला?

रुग्णांच्या नोंदींवरून उपचार सुचवणाऱ्या मशीन लर्निंगवरचे (नोंदींतून संगणकाने स्वतःच नियम शिकण्याच्या तंत्रावरचे) वाद बहुतेकदा अचूकतेपासून सुरू होतात आणि अचूकतेपाशीच संपतात. खरा जुना गुंता मात्र एका साध्या शब्दात आहे: धोका. मॉडेल, म्हणजे असा नोंदींतून शिकलेला संगणकी हिशेब, म्हणतं, या रुग्णाला धोका कमी. ऐकणारा समजतो, मग याला घरी पाठवायला हरकत नाही. दोन्ही वाक्यं एकच वाटतात, पण तशी ती नाहीत. १९९०च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेतल्या एका प्रकल्पात हे जितकं उघडपणे समोर आलं, तितकं क्वचितच कुठे आलं असेल. त्यामुळे आधी तिथेच जाऊ.

प्रश्न होता न्यूमोनियाचा. आलेल्या रुग्णांपैकी कुणाला दाखल करून घ्यायचं आणि कुणाला गोळ्या देऊन घरी धाडायचं? हाताशी १४,१९९ रुग्णांच्या नोंदी होत्या. प्रत्येकाच्या ४६ गोष्टी टिपलेल्या: वय, नाडी, रक्तदाब, तपासण्यांचे आकडे, आधीचे आजार. आणि शेवटी, रुग्ण वाचला की दगावला. या नोंदींवर निरनिराळी मॉडेलं शिकवली गेली. न्यूरल नेटवर्क, म्हणजे आत काय चाललंय ते सहज न उलगडणारं गुंतागुंतीचं मॉडेल, सगळ्यांच्या पुढे निघालं. ज्या मापावर १ म्हणजे बिनचूक आणि ०.५ म्हणजे निव्वळ छापा-काटा, त्यावर त्याला ०.८६ मिळाले, प्रत्येक घटकाला एकेक वजन देऊन बेरीज करणाऱ्या साध्या लॉजिस्टिक रिग्रेशनला ०.७७. एरवी एवढ्यावर निकाल लागला असता.

पण त्याच नोंदींवर आणखी एक पद्धत चालवली होती. ती ‘असं असेल तर तसं’ अशा वाचता येण्याजोग्या नियमांच्या रूपात उत्तर देत होती. त्या नियमांत एक ओळ सापडली: रुग्णाला दमा असेल तर न्यूमोनियाने मृत्यूचा धोका कमी. डॉक्टरांसमोर ही ओळ ठेवल्यावर त्यांना तिचा उलगडा लगेच झाला. दम्याचा रुग्ण न्यूमोनिया घेऊन आला की त्याला कुणी रांगेत बसवत नाही, तो थेट अतिदक्षता विभागात जातो. तिथे त्याच्यावर इतकी बारीक नजर असते की तो इतरांपेक्षा कमी दगावतो. नोंदी खोटं बोलत नव्हत्या. त्या फक्त उपचार झाल्यानंतरचं सांगत होत्या.

इथे तो निर्णय झाला, ज्यावर आजही वाद घातला जातो. सर्वांत अचूक ठरलेलं न्यूरल नेटवर्क प्रत्यक्ष रुग्णांसाठी वापरायचं नाही असं ठरलं, आणि कमी गुणांचं पण उलगडून पाहता येणारं लॉजिस्टिक रिग्रेशन पुढे केलं गेलं. युक्तिवाद असा की दम्याची ओळ दिसली म्हणून खोडता तरी येईल. पण नेटवर्कने तिच्यासारखं आणखी काय काय शिकून ठेवलंय, हे कुणाला ठाऊक?

विरुद्ध बाजूही फुसकी नाही. ०.८६ सोडून ०.७७ घेणं म्हणजे काही रुग्णांबाबतचा अंदाज जाणूनबुजून चुकू देणं, आणि त्याचीही किंमत कुणीतरी मोजतंच. शिवाय लॉजिस्टिक रिग्रेशननेही दम्याला ‘धोका कमी करणारा’ असंच वजन दिलं होतं. फरक एवढाच की ते डोळ्यांना दिसत होतं. दिसतं म्हणून कुणी पाहतंच असं नाही, हे ज्याने कधी छापील अटी-शर्ती न वाचता सही केली आहे त्याला वेगळं सांगायला नको. २०१५ मध्ये त्या मूळ गटातल्या एका संशोधकाने सहकाऱ्यांसह हाच विषय पुन्हा हाती घेतला. प्रत्येक घटकाचा परिणाम वेगळ्या आलेखात दाखवणारं, तरीही गुंतागुंतीच्या मॉडेलांच्या तोडीचं अचूक मॉडेल त्यांनी मांडलं. त्या आलेखांत दमा पुन्हा तसाच दिसला. सोबत आणखी दोन गोष्टी निघाल्या: फुप्फुसांचा जुनाट आजार आणि पूर्वी छातीत दुखल्याची नोंद. या दोन्हींनीही म्हणे धोका कमी होतो. कारण बहुधा तेच, अशा रुग्णांकडे धावपळ करून लक्ष दिलं जातं.

मला तो मूळ निर्णय योग्य वाटतो, पण त्यासाठी दिलेलं कारण अपुरं वाटतं. सगळा भर ‘मॉडेलच्या आत काय आहे ते दिसत नाही’ यावर गेला आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं चर्चा त्याच रुळावरून धावली. वास्तविक दम्याचा नियम त्या नोंदींपुरता खराच होता. फसगत प्रश्नात होती. मॉडेलला विचारलं होतं ‘कोण दगावेल?’ आणि ठरवायचं होतं ‘याला घरी पाठवलं तर काय होईल?’ दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्या नोंदींत नव्हतंच, कारण दम्याच्या रुग्णाला सहसा कुणी घरी पाठवलंच नव्हतं. नियम खरा होता तो अतिदक्षता विभागामुळे. तो पाळून रुग्णाला घरी धाडलं की ज्याच्या जोरावर तो खरा होता तेच निघून जातं.

हा घोळ आला कुठून, हे पाहायला थोडं मागे जायला हवं. मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रॅमिंगहॅम गावात १९४८ पासून ५,२०९ जणांची वर्षानुवर्षं तपासणी झाली आणि १९६१ च्या एका शोधनिबंधातून हृदयविकाराचे ‘धोक्याचे घटक’ हा शब्दप्रयोग वैद्यकात रुळला. त्या काळी उच्च रक्तदाबावर सहज घेता येतील अशी परिणामकारक औषधं नुकती कुठे येऊ लागली होती. त्यामुळे तिथला धोका बऱ्याच अंशी आपसूक होणाऱ्या गोष्टींचा होता. पुढे तोच शब्द रुग्णालयात आला. तिथे प्रत्येक माणसावर काही ना काही उपचार चाललेलेच असतात. शब्द तोच राहिला, पण त्यामागची परिस्थिती पार बदलली.

मधल्या काळातली बाकीची वळणं धावतीच पुरेत. १९७२ मध्ये इंग्लंडमधल्या लीड्समध्ये ३०४ पोटदुखीच्या रुग्णांवर संगणकाने ९१.८ टक्के अचूक निदान केलं, तिथल्या सर्वांत ज्येष्ठ डॉक्टरांचं प्रमाण ७९.६ होतं. त्याच दशकात कॅलिफोर्नियात मायसिन नावाची प्रणाली काही शे नियमांच्या बळावर जंतुसंसर्गावरची औषधं सुचवत होती. ती तज्ज्ञांच्या तोडीची ठरली, पण वॉर्डात कधीच वापरली गेली नाही. १९८५ ची अपाची-२ ही गुणपद्धत अतिदक्षता विभागातल्या पहिल्या २४ तासांतल्या १२ मोजमापांवरून मृत्यूची शक्यता काढते. ती रुग्णांच्या गटांची तुलना करायला आहे, एकेका रुग्णाचा उपचार ठरवायला नाही. वापरणारे हे विसरतात, ही गोष्ट वेगळी.

नोंदींवरून उपचार ठरवण्याला सर्वांत मोठा धक्का २००२ मध्ये बसला, आणि त्यात मशीन लर्निंग कुठेच नव्हतं. रजोनिवृत्तीनंतर संप्रेरकं घेणाऱ्या स्त्रियांना हृदयविकार कमी होतो, असं निरीक्षणांवरून वर्षानुवर्षं दिसत होतं. १६,६०८ स्त्रियांवरची, औषध कुणाला द्यायचं हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेली चाचणी ठरल्या मुदतीआधीच थांबवावी लागली. संरक्षण तर दिसलं नाहीच, उलट इजा दिसली. त्या निरीक्षणांत संप्रेरकं घेणाऱ्या स्त्रिया मुळातच बऱ्या परिस्थितीतल्या आणि तब्येतीला जपणाऱ्या होत्या, हे त्यामागचं एक मोठं कारण.

२००९ च्या अमेरिकी कायद्याने रुग्णालयांना इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठी पैसा दिला. आधी दहातल्या एका रुग्णालयात जेमतेम असलेली ही व्यवस्था २०१५ पर्यंत दहातल्या आठांहून अधिक ठिकाणी पोहोचली. डेटाचा पूर आला. पण केसपेपर लिहिला जातो तो रुग्णाकडे लक्ष ठेवायला, बिल लावायला आणि उद्या कुणी विचारलं तर दाखवायला. संशोधन हा त्याचा हेतू कधीच नव्हता. २०१८ च्या एका अभ्यासात तर असं दिसलं की बऱ्याच रक्ततपासण्यांत आकड्यापेक्षा ती तपासणी कधी मागवली यावरून रुग्ण वाचेल की नाही याचा जास्त चांगला अंदाज येतो. पहाटे तीनला कुणी सहज रक्त काढायला सांगत नाही. ड्यूटीवरच्या डॉक्टरला काहीतरी खटकलेलं असतं. मॉडेल ते खटकणंच शिकतं, आणि आपण म्हणतो त्याने रक्त वाचलं.

त्याच वर्षी सेप्सिसवर (जंतुसंसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागतात त्या अवस्थेवर) आणखी धाडसी प्रयोग झाला. या वेळी धोका बाजूला ठेवून मॉडेलला थेट उपचारच शिकवायचे होते. दर चार तासांनी सलाईनच्या पाच पातळ्यांतली एक आणि रक्तदाब चढवणाऱ्या औषधाच्या पाच पातळ्यांतली एक निवडायची, म्हणजे एकूण २५ चौकटी. रुग्ण वाचला तर गुण, दगावला तर दंड. जिथे डॉक्टरांनी दिलेला डोस मॉडेलच्या सल्ल्याशी जुळला तिथे मृत्यू सर्वांत कमी होते, असा निष्कर्ष आला. पण डॉक्टरने डोस का वाढवला, हे त्या २५ चौकटींत कुठे लिहिलेलं असणार? अत्यवस्थ रुग्णालाच औषध जास्त जातं, म्हणून कागदावर औषधच बदनाम होऊ शकतं. दम्याचाच किस्सा हा, फक्त उलटा.

२०२१ मध्ये शेकडो अमेरिकी रुग्णालयांत वापरात असलेल्या सेप्सिसचा आगाऊ इशारा देणाऱ्या एका मॉडेलची बाहेरच्या संशोधकांनी ३८,४५५ भरती-नोंदींवर परीक्षा घेतली. आधीच्याच मापावर गुण ०.६३. सेप्सिसचे ६७ टक्के रुग्ण त्याच्या हातून निसटले, आणि तरीही दर १०० भरतींपैकी १८ मध्ये त्याची घंटा वाजली होती. त्याला पुरवलेल्या माहितीत डॉक्टरांनी अँटिबायोटिक लिहून दिलं की नाही हेही होतं. म्हणजे डॉक्टरांना संशय आला की मॉडेललाही येणार!

मॉडेलचा शोधनिबंध लिहिताना काय काय सांगायचं, याची २२ कलमी यादी २०१५ मध्ये निघाली. रुग्णांना कोणते उपचार मिळाले ते नमूद करा, असं तिच्या पाचव्या कलमाच्या एका पोटकलमात होतं, ‘लागू असल्यास’. २०२४ मध्ये मशीन लर्निंगसाठी ती यादी सुधारून २७ कलमांची झाली. मॉडेल घडवताना त्या उपचारांचं काय केलं, हेही आता विचारलं जातं. ‘लागू असल्यास’ तेवढं जसंच्या तसं राहिलं आहे.