पोस्ट टाकायचा रस्ता: ॲटमपबची पार्श्वभूमी

आज कुणी नवं वेब ॲप डिझाइन करायला बसलं की मजकूर सर्व्हरवर चढवायचा कसा हा प्रश्न पाच मिनिटांत मिटतो, जेसन (माहिती लिहायची साधी, आटोपशीर पद्धत) पाठवा आणि मोकळे व्हा. वीसेक वर्षांपूर्वी मात्र याच प्रश्नावर शहाणीसुरती माणसं वर्षानुवर्षं भांडत होती, आणि त्या भांडणातून निघालेला ॲटमपब, म्हणजे सर्व्हरवर मजकूर चढवायचा, बदलायचा, उडवायचा ठरलेला प्रोटोकॉल, आता कुणाला आठवतही नाही.

सुरुवात ब्लॉगपासून झाली. ऑगस्ट २००१ मध्ये ब्लॉगर या ब्लॉग-सेवेचा एपीआय (दुसऱ्या प्रोग्रॅमने तिच्याशी बोलायची सोय) आला, तो १९९८ च्या एक्सएमएल-आरपीसीवर, म्हणजे दूरच्या सर्व्हरला एक्सएमएलमध्ये (खुणांनी बांधलेल्या मजकुरात) हुकूम पाठवायच्या पद्धतीवर उभा होता. म्हणजे सगळं काही पोस्ट करून एकाच पत्त्यावर पाठवायचं, आणि नवीन लेख आहे की जुना बदलायचाय की उडवायचाय ते आतल्या एक्सएमएलमध्ये लिहायचं. पासवर्ड प्रत्येक कॉलमध्ये उघडावाघडा. आणि लेखाला शीर्षकाची जागाच नाही! म्हणून एक्सएमएल-आरपीसीच्या कर्त्यांपैकी एक असलेल्या डेव्ह वायनरने २००२ मध्ये मेटावेबलॉग नावाचा सुधारित एपीआय काढला, त्यात शीर्षक आलं, पुढे फोटोही आले, पण फोटो बेस६४ करून (म्हणजे अक्षरांत बदलून) एक्सएमएलच्या पोटात कोंबायचा म्हणजे साइज तिथेच एक तृतीयांशाने वाढली. आपल्यासाठी खरी गंमत वेगळीच आहे, एक्सएमएल-आरपीसीच्या स्पेकमध्ये (नियमपत्रकात) स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, हा आस्की (फक्त इंग्रजी अक्षरांचा) असंच लिहिलं होतं आणि आस्की हा शब्द काढला गेला थेट जून २००३ मध्ये. कागदोपत्री तोवर मराठीत पोस्ट टाकणं नियमात बसतच नव्हतं. लोक टाकायचे ते सर्व्हरच्या कृपेने.

दरम्यान २००० मध्ये रॉय फील्डिंगचा पीएचडी प्रबंध आला होता, रेस्ट हे नाव तिथलंच. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की प्रत्येक वस्तूला स्वतःचा पत्ता द्या आणि तिच्याशी काय करायचं ते एचटीटीपीच्याच (ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्यांच्याच) ठरलेल्या क्रियापदांनी सांगा: गेट म्हणजे आण, पोस्ट म्हणजे नवं घाल, पुट म्हणजे बदल, डिलीट म्हणजे उडव. वेबडॅव्ह (सर्व्हरवरच्या फाइली वेबवरून बदलायचा प्रोटोकॉल) १९९९ मध्येच तसं काहीसं करत होता पण त्याने स्वतःची नवी क्रियापदं घातली, लॉक, प्रॉपफाइंड वगैरे, आणि तो फाइलींच्या जगात रमला.

जून २००३ मध्ये सॅम रूबी या प्रोग्रॅमरने एक विकी उघडून विचारलं की नीट बनलेल्या लेखात नेमकं काय काय असावं. एवढ्या साध्या प्रश्नावर मंडळी तुटून पडली. नावावरूनच किती घोळ, आधी पाय, मग इको, शेवटी ॲटम. २००४ मध्ये काम इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफकडे गेलं, टिम ब्रे आणि पॉल हॉफमन गटाचे अध्यक्ष. फीडचा (नव्या लेखांच्या यादीचा) फॉरमॅट डिसेंबर २००५ ला पक्का झाला, पोस्ट टाकायच्या प्रोटोकॉलला, म्हणजेच ॲटमपबला, ऑक्टोबर २००७ उजाडला. त्याचं मानकपत्र आरएफसी ५०२३, संपादक जो ग्रेगोरिओ आणि बिल डी होरा.

आणि माझ्या मते काम देखणं झालं होतं. आधी सर्व्हिस डॉक्युमेंट वाचा, त्यात कलेक्शनचे (लेखांच्या संचांचे) पत्ते मिळतात, तिथे लेख पोस्ट करा, सर्व्हर २०१ (नवं तयार झालं हा संकेत) देतो आणि लोकेशन हेडरमध्ये (उत्तराच्या माथ्यावरच्या ओळीत) नव्या लेखाचा पत्ता. मग त्या पत्त्यावर गेट, पुट, डिलीट. दोघांनी एकाच वेळी एडिट केलं तर एकाचं काम पुसलं जाऊ नये म्हणून ईटॅगची (आवृत्ती ओळखायच्या खुणेची) सोय. फोटो जसाच्या तसा चढवायचा, बेस६४ नाही. स्लग नावाचं हेडरसुद्धा आहे, आपल्याला हवं ते नाव सर्व्हरला सुचवायला, आणि ते यूटीएफ-८ मधलं चालतं, देवनागरीसकट.

मग अडलं कुठे? क्लायंटपाशी, म्हणजे मजकूर पाठवणाऱ्या बाजूला. एचटीएमएलचा फॉर्म गेट आणि पोस्टपलीकडे काही पाठवू शकत नाही, कित्येक मोबाइल आणि प्रॉक्सी (मधले सर्व्हर) पुट, डिलीट अडवायचे, म्हणून गूगलला पोस्टच्या आडून डिलीट पाठवायचं जादा हेडर काढावं लागलं. तरी गूगलने २००६ पासून जीडेटा, मायक्रोसॉफ्टने ओडेटा हे आपापले प्रोटोकॉल याच पायावर बांधले. पण ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट लिहिणाऱ्याला किचकट एक्सएमएल फोडत बसायचं नव्हतं, त्याला जेसन आयतं मिळत होतं. ब्लॉग लिहायच्या सॉफ्टवेअरला मेटावेबलॉग चालत होता, त्यांना बदलायची घाई कशाला? २००९ मध्ये ग्रेगोरिओने स्वतःच लिहून टाकलं की हवा तेवढा प्रसार झालेला नाही. वर्डप्रेसने डिसेंबर २०१२ च्या ३.५ मधून ॲटमपब काढून प्लगइनमध्ये टाकला आणि त्याच आवृत्तीत जुना एक्सएमएल-आरपीसी बाय डिफॉल्ट चालू केला, म्हणजे नवा गेला आणि म्हातारा राहिला. विद्यापीठांच्या रिपॉझिटरीत प्रबंध चढवायला स्वोर्ड नावाचा प्रोटोकॉल आहे, त्यात ॲटमपब बराच टिकला, तिसऱ्या आवृत्तीत तिथेही जेसन आलं.

२०१८ मध्ये वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने ॲक्टिव्हिटीपब (वेगवेगळ्या सोशल सर्व्हरनी एकमेकांशी बोलायचा प्रोटोकॉल) मंजूर केला. त्यात आउटबॉक्सला पोस्ट करायचं, उत्तरात २०१ आणि लोकेशन हेडर, ओळखीचं वाटतंय ना? फक्त मजकूर जेसन. आणि तो ज्याच्यामुळे गाजला त्या मॅस्टोडॉन या सोशल नेटवर्कने सर्व्हर-सर्व्हरमधला भाग उचलला, ॲपमधून पोस्ट टाकायचा भाग मात्र घेतलाच नाही, तिथे स्वतःचा वेगळा एपीआय ठेवला.