वायुगळती झाली, पण कंपनीची चूक सिद्ध कोण करणार?

जळगाव-धुळ्याच्या औद्योगिक वसाहतींजवळच्या वस्त्यांत एक निरोप वर्षानुवर्षे फिरतो: "कंपनीची चूक सिद्ध केल्याशिवाय वायुगळतीची भरपाई मिळत नाही." तो खरा मानून कितीतरी घरं गप्प बसतात, याचं वाईट वाटतं. समज स्वाभाविक आहे, कारण एरवी नुकसानीच्या दाव्यात चूक दाखवावीच लागते.

घातक रसायनांसाठी मात्र १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा आहे. त्याच्या कलम ३ नुसार मृत्यू, इजा किंवा मालमत्तेचं नुकसान झालं, तर कुणाचा निष्काळजीपणा होता हे अर्जदाराला सिद्ध करावं लागत नाही. नुकसान त्या अपघातामुळे झालं एवढं मात्र दाखवावं लागतं. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा, तोही अपघातापासून पाच वर्षांच्या आत. कारखान्यातल्या कामगारांसाठी वेगळे कायदे आहेत. हा बाहेरच्या लोकांसाठी.

मग हे पैसे घेतले की कोर्टाचं दार बंद? नाही. कलम ८ म्हणतं, जास्त भरपाई मागण्याचा हक्क शाबूत राहतो. आधी मिळालेली रक्कम फक्त त्यातून वजा होते.

पडताळायचं असेल तर कायद्याचा मजकूर सरकारी संकेतस्थळावर फुकट आहे. कलम ३, ६ आणि ८ वाचा, दहा मिनिटं लागतील. शीतगृहातल्या अमोनियासारखा वायू असेल, तर तो आणि त्याचा साठा कायद्याखालच्या यादीत बसतो का, तेही पाहा. आणि डोळे चुरचुरले, श्वास लागला, तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात केसपेपर काढा; त्यावर तारीख, वेळ आणि त्रासाचं कारण लिहून घ्या.