औषध उतरलं तरी म्हैस पाय का ओढते

कापसाच्या फवारणीत आमच्या परभणी-जिंतूर पट्ट्यात हे नेहमीचंच, म्हशीनं बांधावरचं औषध पडलेलं गवत खाल्लं, तोंडाला फेस आला, थरथर सुटली, डॉक्टरनं अ‍ॅट्रोपिन दिलं आणि म्हैस उठली की सगळे निवांत. पण ऑरगॅनोफॉस्फेट नावाच्या गटातल्या काही कीटकनाशकांचा दुसरा मार दोन-तीन आठवड्यांनी मागच्या पायात उतरतो, नसा टोकाकडून मरत येतात, आणि त्याला अ‍ॅट्रोपिन चालत नाही.

हे कळलं माणसांवरनं. 1930 ला अमेरिकेत दारूबंदी होती, लोक दारूऐवजी आल्याचा अर्क प्यायचे, त्यात टीओसीपी नावाचं ऑरगॅनोफॉस्फेट गटातलंच रसायन मिसळलेलं निघालं आणि हजारो लोक पायानं अधू झाले. मग प्रयोग कोंबड्यांवर सुरू झाले, कारण उंदराला त्यानं सहसा लुळेपणा येत नाही, कोंबडीला येतो. 1971 ला इजिप्तमध्ये लेप्टोफॉस नावाच्या याच गटातल्या कीटकनाशकानं हजाराहून जास्त म्हशी गेल्या, आणि तिथंही फवारणी कापसावरचीच होती, हे वाचलं तेव्हा मला आमचंच शिवार दिसलं.

1969 ला इंग्लंडच्या मार्टिन जॉन्सननं नसांमधलं एनटीई हे प्रोटीन शोधलं, विष त्यालाच जाऊन चिकटतं. पीएमएसएफ नावाचं रसायन कोंबडीला आधी दिलं तर ते ती जागा अडवून बसतं आणि कोंबडी वाचते, म्हणून त्याला संरक्षक म्हणायचे. मग 1990-91 च्या सुमारास अमेरिकेच्या पोप आणि पॅडिला या संशोधकांनी आणि इटलीच्या लोट्टीच्या टीमनं तेच रसायन विषानंतर देऊन बघितलं तर उलटंच झालं, ज्या थोड्याशा डोसनं काही झालं नसतं त्यावरही कोंबड्या लंगडायला लागल्या! रसायन तेच, फरक फक्त आधी की नंतर. कार्बामेट या दुसऱ्या गटातली काही रसायनंही असंच करतात, आणि एरवी या विषानं लुळी न पडणारी कोंबडीची लहान पिल्लंसुद्धा लुळी पडली.

आमच्याकडं विचारपूस होते ती फक्त शेवटच्या बाटलीची. पण म्हैस उठली की आठवड्यात कोणीतरी गोचिडाचं औषध अंगावर मारतं, त्याच पंपानं, न धुता. नंतरचं प्रत्येक औषध आधीच्या विषाचा मार वाढवतंच असं नाही, पण म्हैस पाय ओढायला लागली तर आधीची बाटली आणि ही नंतरची, दोन्ही डॉक्टरसमोर ठेवा, आणि कोणती कधी मारली ते तारखेनिशी सांगा.